कठड्यावरचं लाल

गुरुदेव येणार म्हणून दादाने सकाळीच नानांची खुर्ची गॅलरीतून उचलली, ओल्या फडक्याने पुसली आणि बाहेरच्या खोलीत मधोमध आणून ठेवली. ताई शिलाई मशीनपाशी बसून बघत होती. ज्या माणसाला तिचे वडील, नाना, 'भोंगा' म्हणत आले, तोच आता नानांच्या खुर्चीत बसणार होता, आणि नाना जाऊन अजून महिनाही झाला नव्हता.

"दुसरी खुर्ची नाही का घरात?" तिने विचारलं.

"आहे. पण हीच बरी दिसते."

"कुणाला?"

उत्तर टाळायचं असलं की दादा कामाला लागतो, ही त्याची लहानपणापासूनची खोड. त्याने खुर्ची पुन्हा पुसायला घेतली.

धरणाचे दरवाजे उघडायचे आणि मिटायचे हे या घराचं काम. आधी आजोबा, मग नाना, नाना निवृत्त झाल्यावर दादा. घर धरणाच्या खाली, टेकडीच्या खांद्यावर; गॅलरीत उभं राहिलं की वर धरणाची भिंत दिसायची आणि खाली नदी, लोखंडी पूल, पलीकडची पेठ. आजोबांच्या काळात भोंगा नव्हता. पाणी सोडायचं झालं की गॅलरीच्या कठड्यावर लाल कपडा पडायचा आणि दरवाजे मिटले की पांढरा. लाल दिसलं की नदीत कपडे धुणाऱ्या बायका, वाळू काढणारे, पोहणारी पोरं, सगळे काठावर यायचे. पांढरं दिसलं की पुन्हा आपापल्या कामाला. पुढे विजेचा भोंगा आला, पण नानांनी कपडा सोडला नाही. भोंगा बिघडतो, कपडा बिघडत नाही, असं त्यांचं म्हणणं.

त्यामुळे या घरात एक शिस्त होती. कठड्यावर लाल काही वाळत घालायचं नाही. साडी नाही, टॉवेल नाही, पोरांचा सदरा नाही. वहिनी लग्न होऊन आल्या त्या दिवशी नानांनी त्यांना एवढंच सांगितलं होतं. "बाकी घर तुझं, तुला हवं तसं चालव," म्हणाले होते, "पण कठडा माझा."

आणि तो दुसरा भोंगा, गुरुदेव? तो दर दोन-चार वर्षांनी वाजायचाच. एकदा गुरुदेवांनी सांगितलं, रोगराई येणार. आली नाही. मग म्हणाले, पेठ जळणार. पेठेत साधी चूलसुद्धा भडकली नाही. दर वेळी सांगून मोकळे, 'तुमच्या प्रार्थनेने टळलं'. नाना खो खो हसायचे. "माझा भोंगा इतक्या वेळा खोटा वाजला असता तर मला पहिल्याच वर्षी घरी बसवलं असतं. याचे मात्र दर वेळी भक्त वाढतात! काय नोकरी आहे राव!"

या वेळी भोंगा नानांच्या घराकडेच तोंड करून वाजला. धरण फुटणार. वारही सांगितला.

त्या दिवशी अर्धी पेठ पहाटेपासून टेकडीवर जाऊन बसली. उरलेली अर्धी घरात होती, पण एक डोळा नानांच्या गॅलरीवर ठेवून. नानांना ते पक्कं ठाऊक होतं. सकाळपासून ते खुर्ची टाकून कठड्यापाशी बसले होते, हातात पेपर, मांडीवर दुर्बीण. "मी बसलोय तोवर लोक बसतील," ते ताईला म्हणाले होते. तिने जिन्याखालच्या आपल्या शिलाईच्या दुकानात जाऊन शिवण घेतलं. दुपारी नाना जेवायला आत गेले. तेवढ्या वेळात कठड्यावर लाल ब्लँकेट आलं.

पुढचं ताईला आठवायचं नसतं तरी आठवतं. आधी रस्ता एकदम गप्प झाला. मग कुणीतरी किंचाळलं, "लाल! नानांनी लाल टाकलं!" आणि सगळी पेठ टेकडी गाठायला पुलाकडे धावत सुटली. नाना जेवणाच्या हातानेच खाली उतरले, अनवाणी. धरण ठीक आहे, थांबा, थांबा रे, असं ओरडत ते गर्दीच्या उलट दिशेने पुलावर घुसले. रेटारेटीत पुलाचा कठडा गेला. नाना गेले, आणखी दोघं गेले. धरणाला ओरखडासुद्धा आला नव्हता.

ब्लँकेट ताईनेच वर धावत येऊन आत ओढून घेतलं. ते करताना खालच्यांनी तिला पाहिलं होतं. आज गुरुदेवांना ताई हवी होती ती त्याचमुळे.

*

मास्तर दुपारी आला. हा धाकटा भाऊ. शहरातल्या शाळेत विज्ञान शिकवायचा, म्हणून घरातही सगळे त्याला मास्तरच म्हणायचे. चपला काढायच्या आधीच त्याचं तोंड सुरू झालं.

"तक्रार लिहून आणलीय. त्या माणसाने अफवा पसरवली, त्यात तीन जीव गेले. तुम्ही दोघांनी सह्या करायच्या. काय? आणि ही खुर्ची इथे काय करतेय?"

"ते येतायत," दादा म्हणाला.

"कोण ते?"

"गुरुदेव. सांत्वनाला."

मास्तरने आधी दादाकडे, मग ताईकडे पाहिलं. "डोकं फिरलंय का तुमचं? ज्याने नानांना मारलं त्याला चहा पाजणार?"

"आवाज खाली," दादा म्हणाला. "नीट ऐकून घे. चौकशी लागलीय. त्यांचा पहिला प्रश्न हाच असणार, की धरणावरच्या माणसाच्या घरातून खूण गेलीच कशी. गुरुदेव आज लोकांना सांगणार आहेत, की शेवटच्या क्षणी नानांना साक्षात्कार झाला. नानांनी स्वतः लाल लावलं. लोकांना सावध केलं आणि त्यांच्यासाठी प्राण दिला. पुलापाशी नानांच्या नावाने स्मारक करायचं म्हणतात."

"नानांनी?" मास्तर म्हणाला. "नानांनी लाल लावलं? नानांना साक्षात्कार? अरे दादा, तो माणूस आयुष्यभर ज्याच्यावर हसला त्याचाच साक्षीदार करून टाकणार तुम्ही त्याला? मेल्यावर?"

"मेल्यावर माणसाला काही फरक पडत नाही. जिवंत माणसांना पडतो."

"मग लावलं कुणी ते?"

दादा खिडकीबाहेर बघू लागला. ताईने मशीनचं चाक हाताने फिरवलं, विनाकारण. मास्तर हुशार होता, पण या घरापासून बरीच वर्षं लांब होता. त्याला हे समजायला थोडा वेळ लागला.

स्वयंपाकघराच्या दारातून वहिनी म्हणाल्या, "मी."

त्या आत आल्या. हातात कपबश्यांचा ट्रे होता, तो टेबलावर ठेवायचं भान त्यांना नव्हतं. "टेकडीवर न्यायला अंथरूण बांधत होते. नानांना कळू न देता. दोन्ही हातांत गादी होती. ब्लँकेट खाली घसरत होतं म्हणून कठड्यावर टाकलं. क्षणभर. गादी आत ठेवते आणि उचलते, असं. इतकी वर्षं एक रुमाल कधी टाकला नाही मी तिथे."

मास्तर खाली बसला. खुर्चीत नाही, जमिनीवर, भिंतीला टेकून. ताईला वाटलं, आता हा ओरडेल. पण तो ओरडला नाही. तक्रारीचा कागद हातात घेऊन बसला, आणि बोलला तेव्हा त्याचा सूर दादासारखा झाला होता.

"हे बाहेर गेलं तर लोक वहिनींना जिवंत ठेवणार नाहीत."

"तेच म्हणतोय मी," दादा म्हणाला.

"आणि तुझी नोकरी जाईल. हे घरही जाईल, नोकरीचंच आहे ते."

"तेच."

"मग..." मास्तरने कागदाची घडी घातली. "मग सध्या गप्प बसलेलं बरं. सध्या म्हणतोय मी. चौकशी संपू दे."

ताईला हसू आलं, आणि त्या हसण्यात चांगलं असं काही नव्हतं. "वा रे मास्तर! आत्ता जिन्यातून चढताना तू काय होतास आणि बसेपर्यंत काय झालास! पोरांना वर्गात काय शिकवतोस? सध्या पृथ्वी सपाट आहे, चौकशी संपू दे?"

"तुला बोलायला काय जातंय, ताई? तुला ना नवरा ना नोकरी."

हे तो बोलून गेला. ताई नवऱ्याचं घर सोडून परत आली होती त्या गोष्टीला आता एक पिढी व्हायला आली, पण घरातलं भांडण हरायला लागलं की भावांना ती गोष्ट बरोबर सापडायची. आज तिला त्याचं वाईटसुद्धा वाटलं नाही.

"नाही ना," ती म्हणाली. "म्हणून तर मला नाना दिसतात. तुम्हाला नोकरी दिसते."

"मला माझी बायको दिसते!" दादा पहिल्यांदाच ओरडला. "तू बस नानांचं नाव राखत. नाव राखून कुणाचा संसार चालला?"

वहिनींनी ट्रे ठेवला. कपबश्या वाजल्या. "ताई," त्या म्हणाल्या, "तुम्हाला वाटत असेल, किती खुळी बाई, अशा माणसाच्या नादी लागली. माझी छकुली गेली तेव्हा घरातलं कुणी माझ्याशी बोललं का हो? नाना धरणावर जाऊन बसायचे. हे कामाला जायचे. तुम्ही मशीन चालवायचात. सगळे माझ्यापासून तोंड चुकवत होतात. तो एकच माणूस येऊन माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, पोरीचं जाणं आधीच ठरलेलं होतं, तुझी चूक नव्हती. खोटं असेल. पण तेवढ्यावर मी उठून उभी राहिले."

ते खरं होतं. छकुलीच्या वेळी ती खरोखरच मशीन चालवत बसली होती. कुणाच्या तरी लग्नाचे कपडे होते.

*

गुरुदेव आले ते एकटे नाही आले. खालच्या रस्त्यावर पेठ जमली होती. पायऱ्यांवर भक्त, दारात भक्त. ते स्वतः मात्र हळू चढले, धाप लागली तर थांबले, आणि खोलीत आल्यावर त्यांनी आधी वहिनींच्या डोक्यावर हात ठेवला. माणूस म्हातारा होता, अंगाने किरकोळ, आवाजाने मऊ. ताईला वाटलं होतं, समोर आल्यावर राग येईल. आली ती किळस, आणि थोडी भीती, कारण ते खुर्चीत इतके सहज बसले की खुर्ची जणू त्यांचीच होती.

"मोठा माणूस होता," ते म्हणाले. "माझ्यावर हसायचा. मला माहीत आहे. पण हसणाऱ्याच्याही आत एक कान असतो. शेवटी त्याने ऐकलं."

"धरण फुटलं नाही," ताई म्हणाली.

दादाने तिच्याकडे डोळे वटारले. गुरुदेवांनी हात वर करून त्याला थांबवलं. "बोलू दे तिला. लेक आहे. नाही फुटलं, बाळ. का नाही फुटलं? तुझ्या वडिलांनी ते स्वतःवर घेतलं."

"फुटलं असतं तर तुम्ही खरे. नाही फुटलं तरी तुम्हीच खरे. मग तुम्ही खोटे ठरायला काय व्हायला हवं होतं, ते तरी सांगा."

मास्तर भिंतीपाशी उभा होता. त्याने मान खाली घातली. हा प्रश्न त्याचा होता, त्याने विचारायला हवा होता, आणि हे त्याला कळत होतं.

गुरुदेव रागावले नाहीत. हीच त्यांची खरी विद्या. "दुःखात माणूस देवाशीही भांडतो," ते म्हणाले. "भांड. पण खाली बघ, बाळ. ती माणसंही दुःखात आहेत. ज्यांची माणसं पुलावर गेली त्यांना तू काय देणार? वेंधळेपणा? चूक? कुणाच्या तरी हातून झालेली चूक?" बोलता बोलता त्यांनी वहिनींकडे नुसतं पाहिलं. म्हणजे यांना सगळं माहीत होतं. वहिनींनीच रडत सांगितलं असणार. "मी त्यांना अर्थ देतोय. तुला फक्त गॅलरीत जाऊन एवढंच सांगायचंय, की लाल वडिलांनी लावलं. ब्लँकेट काढताना लोकांनी तुला पाहिलंय. तुझा शब्द मानतील."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर लोक विचारतील, मग कुणी लावलं. तेव्हा मी गप्प बसेन. पण माझं गप्प बसणं लोकांना कळतं."

धमकी इतक्या मायेने दिलेली ताईने आधी कधी ऐकली नव्हती. दादा भिंतीला हात लावून उभा होता. त्याचे ओठ हलत होते, आवाज नव्हता; तो 'ताई, ताई' एवढंच म्हणत होता. वहिनी तर गुरुदेवांकडे अशा बघत होत्या, जणू आपल्याला उभं करणाऱ्यानेच आज आपल्याला हाताशी धरून विकायला काढलंय.

ताई उठली. आतल्या कपाटात नानांचा खण होता. त्यात पांढरी चादर होती, दरवाजे मिटल्यावरची, घडी करून ठेवलेली. ती त्या दिवशी पडायची राहूनच गेली होती. लाल आत घेतलं गेलं, पण पांढरं कुणी घातलंच नाही. तेव्हापासून नदीवर कुणी उतरत नव्हतं, काठावरचे धुण्याचे दगड कोरडे पडले होते, आणि घरातल्या एकाच्याही ते लक्षात आलं नव्हतं.

ती चादर घेऊन गॅलरीत गेली आणि कठड्यावर पसरली.

खाली गलका झाला. कुणी टोप्या काढल्या, कुणी डोळे मिटले. "शांतीची खूण!" गुरुदेवांचा एक माणूस ओरडला. "नानांचा आशीर्वाद!" आणि बरीच डोकी खाली झुकली. ताईचा संताप संताप झाला. दरवाजे मिटलेत, कामाला जा, एवढा साधा निरोप, आणि ही माणसं त्याच्यापुढे माना झुकवून उभी!

"माना वर करा!" ती ओरडली. तिचा आवाज चिरकला, पण पोचला. "हा आशीर्वाद नाही. हे पांढरं आहे. पांढरं म्हणजे काय ते तुमच्या आज्यांना माहीत होतं. नानांनी लाल लावलं नाही. नानांना कसला साक्षात्कार झाला नाही. धरण पक्कं आहे हे सांगायलाच ते पुलावर आले होते आणि तुम्ही त्यांना रेटून खाली पाडलंत. लाल चुकून पडलं. आमच्या घरातून." तिने श्वास घेतला. मागे दादा उभा होता, हे तिला न बघताही कळत होतं. "मी टाकलं. माझ्या हातून झालं."

नानांच्या खरेपणासाठी तिला खोटं बोलावं लागलं होतं, आणि त्याची कडू चव तिच्या तोंडात उतरली.

खाली शिव्या सुरू झाल्या. एक चप्पल येऊन भिंतीवर आपटली. "मारा हिला," कुणीतरी म्हणालं. आतून मास्तरने तिचा दंड धरला. "आत चल, ताई, आत चल." तिने दंड सोडवून घेतला. वारा सुटला होता, चादरीचं एक टोक उडत होतं, आणि ती ते पकडायला गेली तेवढ्यात दुसऱ्याच कुणाच्या हाताने ते धरलं.

वहिनी होत्या. बांगड्या कठड्यावर खणखणल्या. टोक त्यांनी घट्ट धरलं होतं.

"ती खोटं बोलतेय," वहिनी म्हणाल्या. आधी पुटपुटल्या, मग मोठ्याने. "ऐका! ती खोटं बोलतेय. मला वाचवायला. लाल मी टाकलं. गुरुदेवांचं ऐकून मी पळायची तयारी करत होते, त्यात टाकलं. यांना ते ठाऊक आहे, मीच सांगितलंय. आणि तरी तुम्हाला खोटं सांगायला आलेत!"

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. गुरुदेव निघाले होते. जिन्यातून उतरताना ते आपल्या माणसांना सांगत होते, या घरावर आता मोठं अरिष्ट आहे, याच वर्षात, लिहून ठेवा. दादा त्यांच्या मागे दोन पायऱ्या उतरला आणि तिथेच बसला, डोकं धरून.

गर्दीतून एक बाई पुढे आली. नदीवर कपडे धुणाऱ्या मावशी. लहानपणी ताईचे कपडे त्यांच्याकडेच जायचे. पुलावर गेलेल्या दोघांतला एक त्यांचा नवरा. त्यांनी वर पाहिलं. शिव्या देणारे थांबले, आता ही काय बोलते ते ऐकायला.

"दरवाजे मिटलेत का?" मावशींनी विचारलं.

ताईला आधी प्रश्नच कळला नाही. मग ती म्हणाली, "मिटलेत, मावशी. केव्हाचेच."

मावशींनी मान हलवली. बाजूला ठेवलेलं धुण्याचं गाठोडं उचलून डोक्यावर घेतलं आणि त्या नदीच्या वाटेला लागल्या. वाट देत लोक मागे सरले. चार पावलांवर त्या थांबल्या आणि गाठोडं सावरत पुन्हा वर बघून, कसलाही आवाज न चढवता म्हणाल्या, "पोरींनो, हे त्याच दिवशी सांगायचं होतंत. इतके दिवस मी देवाला शिव्या घातल्या."

त्या खाली उतरत गेल्या. दोघी कठड्यापाशी उभ्या होत्या, दोन बाजूंनी चादर धरून, आणि एकीलाही दुसरीकडे बघवत नव्हतं.